साखर तुमची, लक्ष आमचं

आरोग्यावर लिहिणारी सगळी माणसं एक गोष्ट हटकून सांगतात : आपली तब्येत आपणच सांभाळायची असते. ही माणसं बहुधा एकटी राहत असावीत. मराठी घरात स्वतःची तब्येत स्वतः सांभाळणाऱ्याला शिष्ट म्हणतात. आमच्याकडे रीत अशी, की आपण दुसऱ्याच्या तब्येतीकडे बघायचं आणि आपल्याकडे कोणीतरी तिसरं बघेल. अण्णांच्या साखरेवर आईचं लक्ष. आईच्या गुडघ्यांवर अण्णांचं. माझ्या पोटावर बायकोचं, म्हणजे मंजिरीचं. चिरंजीव ओंकारच्या मानेवर माझं, कारण ती सदैव मोबाइलवर वाकलेली असते. आणि घरातल्या सगळ्यांच्या मनावर आमच्या मुक्ताचं, कारण ती मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे.

या व्यवस्थेत प्रत्येक जण दुसऱ्याचा डॉक्टर असतो आणि स्वतःचा अत्यंत बेशिस्त पेशंट. "लोणचं कमी घे, बीपी आहे तुला," असं अण्णा आईला बजावतात तेव्हा त्यांच्या तोंडात बेसनाचा लाडू असतो. त्यामुळे वाक्य नीट ऐकू येत नाही. आईला मात्र लाडू नीट ऐकू येतो.

तशी तब्येत आमच्या घराण्यातच आहे, असं अण्णांचं म्हणणं. त्यांचे वडील औंध संस्थानातले. साताऱ्याकडच्या त्या छोट्या संस्थानाचे राजे, भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे, त्यावर पुस्तक लिहायचे आणि संस्थानातल्या शाळांतून मुलांकडून ते घालूनही घ्यायचे. आमचे आजोबा त्यांच्याच शाळेतले. त्यांनी आयुष्यात इतके नमस्कार घातले, की त्या पुण्याईवर पुढच्या तीन पिढ्या बसून खात आहेत. रथसप्तमीला अण्णा न चुकता बाल्कनीत पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात, वडिलांची आठवण काढतात आणि चहाला आत येतात.

चालतात मात्र नियमानं. आम्ही ठाण्याचे, आणि ठाण्यात चालायचं म्हणजे तलावपाळी. मासुंदा तलावाला सकाळी फेऱ्या मारणारे तीन प्रकारचे असतात : डॉक्टरांनी सांगितलेले, बायकोनं पाठवलेले आणि बायकोबरोबर आलेले. तिसरे सगळ्यांत भरभर चालतात. फेऱ्या झाल्या की यातले बरेच जण अधूनमधून मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीकडे वळतात. मिसळीनं घाम येतो आणि घाम येणं म्हणजेच व्यायाम, असा अण्णांच्या गटाचा सिद्धान्त आहे.

गेल्या वाढदिवसाला मुक्तानं अण्णांना मनगटात बांधायचा फिटनेस बँड दिला. रोज १०,००० पावलं झाली की तो थरथरतो. हा आकडा आला कुठून, ते ओंकारनं शोधून काढलं. तो कोणा डॉक्टरानं काढलेला नाही. १९६४ मध्ये टोकियोला ऑलिंपिक झालं, जपानमध्ये लोकांना व्यायामाची हौस आली आणि १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. यंत्राच्या नावातच दहा हजार पावलं घातली होती. आकडा गोल, लक्षात राहणारा आणि खपणारा. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. गोल आकड्यांचा त्यांना जन्माचा संशय. "खरोखर हिशेब केला असता तर ९,७४३ वगैरे आले असते," एवढंच म्हणाले.

मग ओंकारनं दुसरा शोध लावला. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्कर बायकांवरचा एक अभ्यास छापून आला होता. दिवसाला जेमतेम २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साधारण ७,५०० पावलांच्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. त्या दिवसापासून अण्णांनी ७,५०० च्या वर पाऊल टाकायचं बंद केलं. सोसायटीच्या फाटकापाशी आकडा भरला तर फाटकापासून लिफ्टपर्यंतची पावलं त्यांच्या जिवावर येतात. फुकट गेलेली गोष्ट त्यांना सोसत नाही. यावर आईनं चष्मा पुसत निकाल दिला, "अभ्यास बायकांवर झालाय ना? मग तो मला लागू. तुम्ही दहा हजारच चाला."

बँडचं खरं प्रकरण नंतर झालं. एका संध्याकाळी अण्णांना पावलं कमी पडत होती आणि गुडघाही कुरकुरत होता, म्हणून त्यांनी बँड ओंकारच्या मनगटात बांधून त्याला फुटबॉल खेळायला पाठवलं. घरच्या रिवाजाप्रमाणे अण्णांच्या बँडचं ॲप अण्णांच्या मोबाइलवर नाही. ते मंजिरीच्या मोबाइलवर आहे. ती कणीक मळत होती. मोबाइल म्हणाला, अण्णांची नाडी १६८. तिनं कणकेच्या हातानं फोन लावला.

"अण्णा, पळताय का तुम्ही?"

"छे गं, नाक्यावर बसलोय निवांत."

बसलेल्या माणसाची नाडी १६८! जिभेखाली ठेवायची गोळी मुठीत धरून मंजिरी चार जिने उतरून नाक्यापर्यंत धावली. अण्णा वडापाव खात होते. त्या संध्याकाळी मोठ्या माणसांपैकी कोणाला व्यायाम घडला असेल, तर तो तिला.

आहाराचं राजकारण त्याहून जुनं आहे. २०१८-१९ च्या सुमारास महाराष्ट्रात कुठल्याही घरी गेलं, की पाण्याच्या पेल्याआधी एक प्रश्न पुढे यायचा : तुम्ही दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा आणि मधल्या वेळात तोंड बंद ठेवा, कारण खाल्लं की इन्सुलिन सुटतं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. ऋजुता दिवेकर सांगतात, सकाळी चहाच्या आधी केळं किंवा भिजवलेले बदाम खा, थोडं थोडं पण वेळेवर खा, आपल्या भागात पिकतं ते खा आणि तुपाला घाबरू नका. दोघांचंही ऐकताना पटतं. अडचण एवढीच, की आमच्याकडे दोघांचे अनुयायी एकाच ओट्यावर जेवतात.

अण्णा दीक्षितांकडे गेले. ५५ मिनिटं ही मर्यादा आहे हे त्यांना मान्य नाही; मंजूर झालेली रक्कम पूर्ण उचलायची, हे बँकेतलं वळण. घड्याळ समोर ठेवून ते पंचावन्न मिनिटं सलग जेवतात. चोपन्नाव्या मिनिटाला ताक मागतात. शेवटचा घोट घशाखाली गेला तेव्हा छप्पन्नावं मिनिट लागलं होतं, अशी हरकत आई घेते आणि वाद रात्रीच्या जेवणापर्यंत चालतो. आई दिवेकरांची. त्यांच्या सगळ्या सांगण्यातून तिनं तुपाचं वाक्य तेवढं उचललं. तुपाला ती आधीही घाबरत नव्हती. आता ते शास्त्राला धरून झालं. ओंकार तिसऱ्याच पक्षाचा. त्याला प्रोटीन पाहिजे. त्याच्या अंड्यांसाठी आईनं वेगळं पातेलं दिलंय आणि ते ओट्याच्या त्या टोकाला ठेवायचं अशी सीमारेषा आखलीय. प्रचार तिघांचा, शेगडी एकटीची. सहाला केळं आणि बदाम, आठला आईचे पोहे, साडेआठला अंडी, दहाला अण्णांचं पहिलं जेवण, अकराला आईची राजगिऱ्याची वडी. मंजिरीचा स्वतःचा आहार विचाराल, तर पोळ्या लाटताना जे हाताला लागेल ते.

एकादशीला मात्र सगळे पक्ष एकत्र येतात. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण ज्यानं काढली त्यानं आमच्या घरात डोकावून काढली असणार. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याची अण्णांच्या रक्तात व्हायची तेवढी साखर होतेच. पण उपासाची साखर मोजायची नाही, असा नियम आहे. तीच गोष्ट मिठाची. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा, म्हणजे साधारण चहाचा एक चमचा. "त्यांच्याकडे पापड नसणार," आई म्हणते. आणि उपासाचं सैंधव हे तिच्या मते मीठच नव्हे. सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे शिवणाच्या मशीनच्या खणातून टेप काढली आणि माझी कंबर मोजली.

आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात. आमची टेप माझ्या मुंजीच्या वेळची. ओढून ओढून ती चांगली ताणली गेलीय, त्यामुळे मोजताना थोडी कमीच भरते. ही टेप कोणी टाकून द्यायची नाही, असं मी घरात बजावून ठेवलंय.

वर्षातून एकदा सवलतीच्या दरात सगळ्यांची 'फुल बॉडी' तपासणी होते. रक्त घ्यायला मुलगा भल्या सकाळी येतो. तोवर सगळे बिनचहाचे. त्या तासाभरात घरात जी वादावादी होते, तिची चाचणी कुठल्याही पॅकेजमध्ये नसते. पूर्वी अण्णा तपासणीच्या आधी दोन दिवस कारल्याचा रस घ्यायचे आणि साखर शहाण्यासारखी वागायची. एचबीएवनसी या चाचणीनं ती सोय मोडीत काढली. ती साधारण मागच्या तीन महिन्यांतली सरासरी सांगते. म्हणजे दिवाळीही त्यात येते आणि भाचीचं लग्नही. अण्णांच्या मते ही सरळसरळ पाळत आहे.

संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतात आणि दिवाणखान्यात त्यांचं जाहीर वाचन होतं. आपला रिपोर्ट आपण वाचायचा नाही; शेजारच्याचा मोठ्यानं वाचायचा. ठळक अक्षरांत छापलेला आकडा म्हणजे नापास. अण्णांचा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. "म्हणजे अजून नाही," अण्णा म्हणाले. त्या अख्ख्या रिपोर्टमध्ये नसलेले हे शब्द त्यांना सर्वांत आवडले. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे; त्यात आपण नाही, या आनंदात त्यांनी पेढा मागितला. बी-१२ सगळ्यांचंच कमी होतं. आणि ड जीवनसत्त्व, जे उन्हातून फुकट मिळतं, ते तर तळाला गेलेलं. राजाच्या हुकमानं सूर्याला नमस्कार घालणाऱ्या घराण्यात ही पाळी यावी, याचं अण्णांना दुःख झालं. उन्हात जाऊन बसावं एवढं मात्र झालं नाही.

शरीराचं हे असं. मनाचं काय?

आमच्या आधीच्या पिढ्यांनाही मन होतं. फक्त त्याला काही सांगायचं असेल तर ते पोटामार्फत सांगायची पद्धत होती. पाहुणे आठवडाभर राहिले की पित्त. मुलीचं लग्न जमेना की पित्त. जमलं की खर्चाच्या विचारानं पित्त. यामागे मोठं व्यवहारज्ञान आहे. 'मला वाईट वाटतंय' असं म्हटलं, की समोरचा 'का?' म्हणून विचारतो आणि उत्तर द्यावं लागतं. उत्तरात बहुधा समोरच्याचंच नाव असतं. 'पित्त झालंय' म्हटलं, की कोणी कारण विचारत नाही. आमसुलाचं सार करून आणतात, पाठीवरून हात फिरवतात आणि अंधार करून पडू देतात. दुःखी माणसाला पाहिजे असलेलं सगळं मिळतं आणि कोणाचं नावही निघत नाही.

मुक्ता आता मनाचं थेट बोलते. 'बाउंड्री', 'ट्रिगर', 'टॉक्सिक' हे शब्द ती आमटीला फोडणी पडावी इतक्या वेळा घरात टाकते. माणसाला रोज थोडा 'मी टाइम' मिळाला पाहिजे, असं तिनं आजीला सांगितलं. आईचा संसार गिरणगावातल्या चाळीत सुरू झालेला. ती म्हणाली, "आमच्या वेळी तो तेवढा संडासात मिळायचा. तोही बाहेरून कोणी डबा वाजवेपर्यंत."

मध्यंतरी अण्णांना पित्त झालं. रात्री तीनला उठून बसायचे. जेवणाची पंचावन्न मिनिटं पंधरावर आली. घर हादरलं. आईनं मोरावळा सुरू केला, शेजारच्या काकूंनी अविपत्तिकर चूर्ण दिलं, मी इसबगोल आणलं, मंजिरीनं डॉक्टरांची वेळ घेतली. घशातून दुर्बीण घालून झाली. आत सगळं स्वच्छ. "टेन्शन घेऊ नका," असा सल्ला मिळाला आणि त्याचं बिल बघून सगळ्यांना टेन्शन आलं.

मुक्तानं मनाचं नावही काढलं नाही. बाजूला बसून तिनं एवढंच विचारलं, "आजोबा, तलावपाळीच्या बाकावर हल्ली तुमच्या शेजारी कोण बसतं?"

अण्णा बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग बोलायला लागले. त्यांचा बाकावरचा जोडीदार, बँकेपासूनचा दोस्त, कायमचा मुलाकडे कॅनडाला गेला होता. जाताना "येतो" म्हणाला होता, जणू मिसळ खायला चाललाय. त्या रात्री अण्णा दोघांच्या नोकरीतल्या गोष्टी इतक्या वेळ सांगत बसले, की सकाळी आईनं त्यांना उठवावं लागलं.

नंतर मुक्तानं समुपदेशकाचा विषय काढला. ठाण्यात राहून मनाकडे काणाडोळा करणं खरं तर अवघड, डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उभी केलेली आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था इथलीच. अण्णा उसळले, "मी काय वेडा आहे?"

"नाही हो," आई म्हणाली. "असता तर मला आधी कळलं असतं."

अण्णांचं मन वळवलं ते शेवटी विम्यानं. मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच विम्याचं संरक्षण मिळावं, अशी तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. अण्णांनी ते कलम छापून आणलं, लाल पेनानं अधोरेखित केलं आणि आपल्या पॉलिसीला टाचून ठेवलं. मन नावाची वस्तू खरोखर असते, हे त्यांना त्या दिवशी पटलं. हप्ता भरलाय म्हटल्यावर असायलाच पाहिजे.

आईनं टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर कॅलेंडरच्या मागं लिहून घेतला, गॅस आणि प्लंबर यांच्या मधोमध. २०२२ पासून ही सेवा चालू आहे, फुकट आहे आणि मराठीतूनही बोलता येतं. सगळं लिहून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "सुनेबद्दल सांगितलेलं चालतं का त्यांना?"

"आजी, तिथं स्वतःबद्दल बोलायचं असतं."

"मग मला काय उपयोग!" असं म्हणून तिनं कॅलेंडर खिळ्याला अडकवलं.

अण्णा पुढे हास्यक्लबात जायला लागले. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ ला मुंबईत लोखंडवालाच्या बागेत पाच जणांना घेऊन असा पहिला क्लब सुरू केला. सुरुवातीला ते विनोद सांगून हसायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरलेले चारचौघांत सांगण्याजोगे नव्हते. म्हणून विनोद काढून टाकून नुसतंच हसायचं ठरलं आणि ते जगभर पसरलं. अण्णांना हे पहिल्यांदा पटेना. "कारण नसताना हसायचं म्हणजे तारण नसताना कर्ज देण्यासारखं आहे," म्हणाले. पण तिथल्या बाकावर त्यांना शेजारी मिळाला. तो निवृत्त ऑडिटर निघाला. आता दोघं हसायचं सोडून वाद घालतात आणि अण्णांना रात्री गाढ झोप लागते.

आता सुरुवातीची यादी जरा पुन्हा वाचून बघा. अण्णांवर आई, आईवर अण्णा, माझ्यावर मंजिरी, ओंकारवर मी, सगळ्यांच्या मनावर मुक्ता. मंजिरीच्या तब्येतीवर लक्ष ठेवायला त्यात कोणी नाही. तपासणीची वेळ ती ठरवते, पैसे ती भरते, रिपोर्ट तिच्याच मोबाइलवर येतात आणि जाहीर वाचनाच्या वेळी ती आत चहा टाकत असते. तिचा रिपोर्ट मुक्ताला नंतर सापडला. हिमोग्लोबिन ९.४, ठळक अक्षरांत. बाईचं ते निदान १२ तरी असावं लागतं. मंजिरी एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त घरांत जाहीर वाचनाच्या वेळी कोणीतरी चहाच टाकत असणार.

मग घरानं आपलं सगळं प्रेम एकदम मंजिरीवर सोडलं. आई म्हणाली, अळिवाचे लाडू खायचे आणि खजूर. अण्णा म्हणाले, बीट, लालभडक असतं. बिटाचा लाल रंग लोहाचा नसतो, हे ओंकारनं सांगितलं आणि स्वतः गूळ-फुटाण्यांची शिफारस केली. मी लोखंडी कढईतल्या भाजीचा आग्रह धरला. मुक्तानं वाचून दाखवलं, की जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही, लिंबू पिळलं तर चांगलं शोषलं जातं आणि डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी या सगळ्यांच्या आधी घ्यायची असते. सगळे उपाय उत्तम होते. त्यांत फक्त एक गोष्ट समान होती. लाडू वळायचे मंजिरीनं, बीट किसायचं मंजिरीनं, फुटाणे आणायचे मंजिरीनं आणि कढई गंजू नये म्हणून घासून, पुसून, तेलाचा हात लावून ठेवायची तीही मंजिरीनंच.

भारत सरकारनं २०१९ मध्ये लोकांच्या वेळेची मोजदाद केली होती. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७. करणाऱ्या पुरुषांची संख्या मुळात थोडी, ती गोष्ट वेगळीच. "जिऱ्याचा डबा कुठाय" हे विचारण्यातली मिनिटं त्या ९७ मध्ये धरली होती का, असं मंजिरीनं विचारलं. त्यावर घरातले तीनही पुरुष गप्प बसले.

"मला अळीव नको, बीट नको," ती म्हणाली. "गोळी मी घेतेय. फक्त रोज सकाळी उठून आज भाजी काय करायची, हे मी ठरवणार नाही. ते ठरवता ठरवताच अर्धं रक्त आटतं."

घरात एवढा मोठा विषय निघाल्यावर अण्णांनी रविवारी रीतसर सभा बोलावली. अध्यक्ष अण्णा, इतिवृत्त मुक्ता, गणपूर्ती झालेली. ठराव पहिला : भाजी ठरवणं, आणणं आणि करणं वारानुसार वाटून घ्यावं. मंजूर. सोमवार अण्णांचा, त्यांनी लगेच वर्षभराच्या सगळ्या सोमवारी बटाटा जाहीर केला आणि साखरेच्या कारणावरून आईनं तो नामंजूर करून घेतला. ठराव दुसरा : रविवारी सकाळी मंजिरी घराबाहेर जाईल, कुठे, कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत, हे कोणी विचारणार नाही. "छत्री घेतलीस का एवढं विचारू द्या," ही आईची उपसूचना. एकमतानं मंजूर. ठराव तिसरा, मुक्ताचा : घरात कोणाला पित्त झालं तर आधी त्याला काय झालंय ते विचारावं. आईनं दुरुस्ती सुचवली, सार आधी, प्रश्न नंतर. रिकाम्या पोटी माणूस खरं बोलत नाही. दुरुस्तीसह मंजूर.

चौथा ठराव मंजिरीचा होता : यापुढे प्रत्येकानं आपापल्या गोळ्या आपण आठवणीनं घ्याव्यात, आपापली पावलं आपण मोजावीत आणि दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये. सभेत पहिल्यांदाच शांतता पसरली. अण्णांनी ठराव मताला टाकला. बाजूनं कोणीच हात वर केला नाही, मांडणाऱ्या मंजिरीनंसुद्धा. तिचं लक्ष अण्णांच्या हाताकडे होतं, तो लाडवाच्या डब्याकडे चालला होता.

ठराव फेटाळला गेला. "बरंच झालं," आई म्हणाली आणि डबा उचलून आपल्या मांडीवर घेतला. "नाहीतर सकाळी उठून एकमेकांशी बोलायचं तरी काय?"